केळणा-जुईच्या बेचक्यात पडलेली पलटण

जालना जिल्ह्यात, भोकरदन आणि जाफराबादच्या दरम्यान, केळणा आणि जुई या दोन लहान नद्या एकमेकींकडे झुकत जातात आणि पुढे मिळतात. त्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारी या गावाच्या कुसाबाहेर ७४व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीची धूळधाण उडाली. मैदानात उतरलेल्या सुमारे ५०० जणांपैकी ४००च्या आसपास मेले किंवा जखमी झाले. दहा अधिकारी ठार, सात जखमी. लढणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी एकही धड उरला नाही.

शाळेच्या पुस्तकात असईची लढाई एका ओळीत उरकते: इंग्रज सेनानी वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांचा पराभव केला. ती ओळ खरी आहे. पण स्कॉटलंडच्या डोंगरांतली विशीतली मुले मराठवाड्याच्या काळ्या मातीत मरायला का आली आणि त्या दुपारी त्यांना तोफांच्या तोंडी कोणी दिले, हे तिच्यातून कळत नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की दुसरे इंग्रज-मराठा युद्ध बरेचसे उलगडते.

सुरुवात स्कॉटलंडपासूनच करावी लागेल. १७४६ साली कलोडनच्या लढाईत डोंगराळ मुलखातल्या कुळांचा बंडावा इंग्रजी फौजेने चिरडला. कुळाचा प्रमुख आणि त्याची रयत यांचे जुने नाते तुटले. प्रमुख जमीनदार झाला, रयत खंडकरी झाली. पुढच्या काही दशकांत लोकर महाग झाली, तशी माणसांच्या जागी मेंढ्या ठेवणे फायद्याचे ठरू लागले. जमिनी सुटत गेल्या, वाड्या ओस पडू लागल्या. ज्यांच्याशी लढलो त्याच डोंगरी लोकांच्या पलटणी उभारून त्यांना समुद्रापार धाडायचे, हे धोरण इंग्रज सरकारने याच काळात पक्के केले. जमीनदाराने आपल्या नावावर पलटण उभारायची आणि त्यासाठी खंडकऱ्याच्या घरातून मुलगा मागायचा, अशी रीत पडली. शेत टिकवायचे तर मुलगा द्यावा लागे. त्या काळी भरती आयुष्यभरासाठी असे. पगार दिवसाला एक शिलिंग, आणि त्यातूनही जेवणाखाण्याचे पैसे कापून घेतले जात.

७४वी पलटण १७८७ साली खास हिंदुस्थानातल्या कामगिरीसाठी उभी राहिली. ती उभारणारे सर आर्चिबाल्ड कॅम्पबेल त्या वेळी मद्रासचे गव्हर्नर होते. कॅम्पबेल घराण्याचा मुलूख आर्गाइल, म्हणून पलटणीत त्या भागातली माणसे आणि अधिकाऱ्यांत कॅम्पबेल आडनाव जागोजाग. १७९२ आणि १७९९ अशा दोन्ही वेळा ती टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला लढली होती. तिच्या जोडीला असलेली ७८वी पलटण सीफोर्थच्या मॅकेंझींनी १७९३ साली उभारली. या दुसऱ्या पलटणीतल्या कित्येकांना इंग्रजी धड येत नसे. त्यांची भाषा गेलिक.

आता इकडची बाजू. १७९५ साली खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला पाणी पाजले. खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्यात, बीडच्या शिवेला लागून आहे. मराठा सरदार एका झेंड्याखाली लढले अशी ती शेवटची मोठी लढाई. हादरलेल्या निजामाने १७९८ आणि १८०० साली ईस्ट इंडिया कंपनीशी तह करून तैनाती फौज पत्करली. बीड, जालना, औरंगाबाद हा मुलूख बहुतेक निजामाचा, त्यामुळे त्याच्या रक्षणाच्या नावाखाली कंपनीच्या पलटणींना मराठवाड्याचे दार उघडे झाले. पुण्यात तर घरच फिरले होते. दुसऱ्या बाजीरावाने १८०१ साली विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिले. त्याचा भाऊ यशवंतराव सूड घ्यायला चालून आला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत त्याने पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तहावर सही करून त्याने कंपनीची फौज मागितली. १३ मे १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या संगिनींच्या पहाऱ्यात तो पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला.

दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांना हा तह मान्य होणे शक्य नव्हते. पेशव्याने कंपनीचे मांडलिकत्व घेतले म्हणजे आपल्याही गळ्यात तोच दोर येणार, हे त्यांना दिसत होते. यशवंतराव होळकर मात्र बाजूला राहिला. ज्याने पेशव्याला पळवले तोच ऐन वेळी तटस्थ बसला, ही मराठ्यांच्या पराभवाची पहिली पायरी. ऑगस्ट १८०३च्या पहिल्या आठवड्यात बोलणी फिसकटली आणि युद्धाला तोंड लागले.

वेलस्लीने मुद्दाम पावसाळा निवडला होता. नद्या भरलेल्या असताना मराठ्यांचे हलके घोडदळ अडकते. आपण मात्र कातडे मढवलेल्या टोपलीसारख्या होड्यांतून पार होऊ, हा त्याचा हिशेब. ८ ऑगस्टला त्याने अहमदनगरच्या पेठेवर शिड्या लावल्या. ७८व्या पलटणीच्या आघाडीच्या माणसांना तटावरून खाली लोटण्यात आले, काही अधिकारी तिथेच पडले. त्या धुमश्चक्रीत लेफ्टनंट कॉलिन कॅम्पबेल हा आर्गाइलचा तरुण तलवार मनगटाला बांधून शिडी चढला आणि तटावर पोहोचला. वेलस्लीने ते पाहिले आणि त्याला आपल्या हाताखाली घेतले. पेठ पडली, आणि चार दिवसांनी किल्लाही. २४ ऑगस्टच्या सुमारास फौज गोदावरीपलीकडे गेली, २९ला औरंगाबादेत पोहोचली.

तोवर शिंदे-भोसल्यांचे घोडदळ अजिंठ्याच्या घाटाने निजामाच्या मुलखात शिरले होते आणि जालन्यापर्यंत आले होते. ते गोदावरी ओलांडून हैदराबादेवर जाईल अशी वेलस्लीला धास्ती होती. म्हणून तो गोदावरीच्या काठाने पूर्वेकडे सरकला. आज या पात्राच्या दक्षिणेला बीड जिल्हा आणि उत्तरेला जालना लागतो. मराठे नदी न ओलांडता उत्तरेला वळले. तीनेक आठवडे हा पाठशिवणीचा खेळ चालला. रोज कूच, ओली काळी माती, चिखलात रुतणारे तोफांचे गाडे, बैलांवर धान्य वाहणारे लमाणांचे तांडे. ज्या गावांतून या फौजा गेल्या त्यांची उभी पिके दोन्हींकडच्या जनावरांनी खाल्ली.

२१ सप्टेंबरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. स्टीव्हन्सनकडे हैदराबादची तैनाती फौज होती, तिच्यातही एक स्कॉटिश पलटण होती. मराठ्यांचा तळ भोकरदनच्या बाजूला असल्याची खबर होती. मध्ये डोंगर. दोन्ही फौजा एका वाटेने एका दिवसात पार होणार नाहीत, म्हणून स्टीव्हन्सनने पश्चिमेकडून जायचे, वेलस्लीने पूर्वेकडून, आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा, असे ठरले.

२३ला सकाळी सुमारे २२ किलोमीटर चालून वेलस्ली मुक्कामाला पोहोचला, तेव्हा हेरांनी सांगितले की शत्रू दूर भोकरदनला नाही, इथून दोन-तीन कोसांवर आहे, आणि निघायच्या तयारीत आहे. तो पुढे जाऊन पाहतो तो केळणेच्या पलीकडे मराठ्यांचे अख्खे लष्कर पसरलेले. त्यांच्या उजव्या हाताला भोकरदनकडे घोडदळ, डावीकडे असईच्या बाजूला पायदळ आणि तोफा. शिंद्यांचे कवायती कंपू तिथे होते: हॅनोव्हरच्या पोलमनचा कंपू, त्याच्यासोबत बेगम समरूचा कंपू आणि द्युपाँचा कंपू. कवायती पायदळ दहा हजारांवर, तोफा शंभरावर, घोडदळ तीस-चाळीस हजार. वेलस्लीकडे कंपनीचे आणि इंग्लंडच्या राजाचे मिळून साडेचार हजारांच्या आसपास लढवय्ये होते. त्याखेरीज म्हैसूरचे आणि पेशव्याचे घोडेस्वार होते. पेशव्याच्या त्या घोडदळाचे पुढारपण बापू गोखल्यांकडे होते. पंधरा वर्षांनी अष्टीच्या लढाईत इंग्रजांशी लढताना मेलेले तेच बापू गोखले असईला इंग्रजांच्या बाजूला उभे होते. त्या काळच्या राजकारणाचा गुंता एवढ्या एका गोष्टीवरून कळावा.

वेलस्लीने थांबायचे नाही असे ठरवले. समोरून नदी ओलांडणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे. वाटाडे सांगत होते की पुढे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिले, तर केळणेच्या अल्याड पिंपळगाव आणि पल्याड वरूड, अगदी समोरासमोर. दोन गावे अशी नदीच्या दोन काठांवर वसली म्हणजे त्यांचे जाणे-येणे असणार, आणि जाणे-येणे असेल तर उतारही असणार. त्याचा तर्क बरोबर ठरला. फौज तिथून पार झाली. पार होताना मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि वेलस्लीच्या शेजारच्या एका स्वाराचे डोके गोळ्याने उडाले.

वेलस्लीला वाटले होते की शत्रूची बगल उघडी सापडेल. पण पोलमनने आपले कंपू काटकोनात फिरवले आणि दोन नद्यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात नवी फळी उभी केली. कवायतीत मुरलेल्या युरोपी पायदळालाही अवघड जावी अशी ती हालचाल शिंद्यांच्या शिपायांनी शत्रूच्या डोळ्यांदेखत पार पाडली. फळीचे एक टोक केळणेला, दुसरे असई गावाला. गावाच्या मातीच्या कुसाआड पायदळ आणि तोफा. इंग्रजांच्या तोफा पुढे आल्या आणि थोड्याच वेळात बंद पडल्या, कारण त्यांचे बैल आणि गोलंदाज पडत होते. तेव्हा वेलस्लीने संगिनी चढवून थेट चालून जायचा हुकूम दिला.

डावीकडे केळणेलगत ७८वी होती, मध्ये मद्रासी शिपायांच्या पलटणी. उजव्या टोकाला ऑरक नावाच्या लेफ्टनंट कर्नलच्या हाताखाली निरनिराळ्या पलटणींतून काढलेल्या पहाऱ्याच्या तुकड्या होत्या आणि त्यांच्या मागे मेजर स्विंटनची ७४वी. ऑरकला स्पष्ट बजावले होते की असई गावापासून लांब राहायचे. तिरके सरकून मधल्या फळीला जागा करून द्यायची आणि तिच्या ओळीत यायचे. ऑरक सरळ चालत राहिला, थेट गावाच्या दिशेने. ७४वी त्याच्या मागोमाग गेली. मधल्या फळीत आणि तिच्यात मोठी फट पडली. एक पलटण आणि मूठभर पहारेकरी दोन बाजूंच्या तोफांच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

पुढचे काही क्षण जवळून पाहायला हवेत. शंभर-दीडशे पावलांवरून तोफ भरीव गोळा टाकत नाही, लहान गोळ्यांनी भरलेले डबे टाकते. डबा तोंडातून बाहेर पडताच फुटतो आणि गोळ्या पंख्यासारख्या पसरतात. ओळीत खांद्याला खांदा लावून चालणाऱ्या माणसांतले सात-आठ जण एका बारात आडवे होतात. उरलेल्यांनी मधली जागा भरून काढून चालत राहायचे, हीच कवायत. ७४व्या पलटणीने ती केली. मध्ये झुकायला झाड नाही, लपायला बांध नाही. पलटण निम्मी झाली तेव्हा मराठा पायदळ गावातून पुढे आले आणि घोडेस्वार तुटून पडले. उरलेल्यांनी पाठीला पाठ लावून वेडावाकडा चौकोन केला. आडोसा म्हणून त्यांच्याकडे आपल्याच माणसांची प्रेते होती.

क्वार्टरमास्टर जेम्स ग्रँटचे काम खरे तर मागे, रसद आणि जखमी सांभाळण्याचे. अधिकारी एकामागून एक पडताना पाहून तो रांगेत येऊन उभा राहिला. तो वाचला. त्याच पलटणीत जेम्स ग्रँट याच नावाचा एक लेफ्टनंट होता, तो मेला.

वेलस्लीने ते पाहिले आणि आपल्या घोडदळाचा प्रमुख मॅक्सवेल याला धाडले. १९वे ड्रॅगून आणि मद्रासी रिसाले ७४व्या पलटणीच्या उरल्यासुरल्या माणसांना ओलांडून मराठ्यांवर आदळले आणि त्यांना जुईपार रेटत गेले. तोवर डावीकडे ७८वी आणि मद्रासी पलटणींनी तोफांची रांग गाठली होती. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. तोफेशीच संगिनी खाऊन पडले. त्यांतले काही मेल्याचे सोंग करून पडून राहिले, आणि इंग्रजी फळी पुढे जाताच उठून तोफा फिरवून तिच्या पाठीवर मारा करू लागले. ७८व्या पलटणीला आणि एका रिसाल्याला मागे वळून त्या तोफा पुन्हा घ्याव्या लागल्या. घोडदळाच्या दुसऱ्या हल्ल्यात मॅक्सवेल मारला गेला. संध्याकाळी मराठा पायदळ जुई ओलांडून उत्तरेला गेले. अफाट घोडदळाने दिवसभरात फारसे काही केले नाही. पायदळाने जीव तोडून लढायचे आणि सरदारांच्या स्वारांनी बघत राहायचे, हे ज्या लष्करात घडते ते शंभर तोफा असूनही हरते.

इंग्रजांच्या बाजूला ४२८ मेले, ११३८ जखमी झाले. हजर फौजेच्या तिसऱ्या हिश्श्याहून हा आकडा मोठा आहे. मेलेल्यांपैकी २३० हिंदी शिपाई आणि स्वार होते, बहुतेक मद्रास इलाख्यातले. ऑरकच्या पहाऱ्याच्या तुकड्यांत तर लढाईनंतर ७५ माणसे उरली. मराठ्यांची हानी सहा हजारांच्या घरात गेल्याचा अंदाज केला जातो आणि ९८ तोफा हातच्या गेल्या. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी, २४ला संध्याकाळी पोहोचला. जखमींना ठेवायला दौलताबादचा किल्ला मागितला, तर निजामाच्या किल्लेदाराने दरवाजा उघडला नाही. निजाम दोस्त असला तरी त्याचा किल्लेदार नव्हता. शेवटी त्यांना अजिंठ्याला न्यावे लागले. पुढे बरेच दिवस घाटमाथ्यावरच्या त्या गावात हातपाय तुटलेली स्कॉटिश आणि मद्रासी मुले शेजारी-शेजारी पडून होती.

७४व्या पलटणीच्या इतिहासात मेलेल्या अधिकाऱ्यांची नावे दिली आहेत. कॅप्टन एटन, डाइस, मॅक्लाउड, मॅक्सवेल (घोडदळाचा मॅक्सवेल वेगळा). लेफ्टनंट जॉन कॅम्पबेल, जॉन मॉर्सहेड कॅम्पबेल, लॉर्न कॅम्पबेल, ग्रँट, मॉरिस, नीलसन. आणि टीयू नावाचा एक ‘व्हॉलंटियर’: पैसे देऊन हुद्दा विकत घेण्याची ऐपत नसलेला तरुण, जो बंदूक घेऊन साध्या शिपायांत उभा राही आणि एखादा अधिकारी मेला तर त्याची जागा आपल्याला मिळेल याची वाट पाही. त्या दिवशी जागा दहा रिकाम्या झाल्या, पण टीयू त्यांच्यासोबतच गेला. शिपायांची मात्र केवळ संख्या दिलेली आहे. शिंद्यांच्या गोलंदाजांची तर संख्याही अंदाजाने.

त्याच मैदानात आणखी एक स्कॉट तरुण होता, वेलस्लीचा दुभाष्या आणि राजकीय मदतनीस म्हणून घोड्यावर त्याच्या शेजारी. वय २३. नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. तो खरे तर जॉन माल्कम आजारी पडल्यामुळे बदली म्हणून आला होता. गोळे त्यालाही चुकवत गेले. तो पुढे पुण्याचा रेसिडेंट झाला, १८१८ साली पेशवाई बुडवण्यात त्याचा मोठा हात होता, मग मुंबईचा गव्हर्नर झाला. नगरच्या तटावर चढलेला कॉलिन कॅम्पबेल सिलोनचा गव्हर्नर झाला. लॉर्न कॅम्पबेल असईत राहिला. कोण साहेब होणार आणि कोण मातीत जाणार, हे त्या दुपारी कोण कुठे उभा होता यावर ठरले.

युद्ध पुढे झपाट्याने संपले. २९ नोव्हेंबरला अकोल्याच्या बाजूला अडगावला पुन्हा लढाई झाली. ७४वी, किंवा तिच्यातले जे उरले होते ते, तिथेही होते. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ला देवगावचा तह करून भोसल्यांनी हात टेकले, ३० तारखेला सुर्जी अंजनगावला शिंद्यांनी. उत्तरेत इंग्रज सेनापती लेकने दिल्ली आणि लासवारी जिंकून शिंद्यांचे उरलेले कंपूही मोडले. शिंद्यांच्या चाकरीतल्या द बॉयन या युरोपी सेनानीपासून पंधरा-वीस वर्षे खपून उभे केलेले कवायती पायदळ पाच महिन्यांत नाहीसे झाले. दख्खनच्या रयतेच्या वाट्याला मात्र त्याच वर्षी मोठा दुष्काळ आला. होळकर-शिंद्यांच्या स्वाऱ्या, पेंढाऱ्यांची लूट आणि या युद्धातली कूच यांनी कोठारे आधीच रिकामी केली होती. त्यात पावसाने दगा दिला. नगर आणि औरंगाबादच्या बाजूला १८०३-०४ मध्ये भुकेने मेलेली माणसे असईच्या मेलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होती.

कंपनीने ७४व्या पलटणीला हत्तीचे चित्र असलेले खास निशाण दिले. १८०५ साली ती मायदेशी निघाली, तेव्हा धडधाकट शिपाई दुसऱ्या पलटणींत वर्ग करून इथेच ठेवून घेतले गेले. असईतून वाचलेल्या साध्या शिपायांपैकी फार थोड्यांनी आपले डोंगर पुन्हा पाहिले असतील. स्कॉटिश लष्करात तिच्या वारसदार पलटणी २३ सप्टेंबर हा दिवस पाळत आल्या आहेत.

ऑरकच्या चुकीने ७४वी बुडाली, असेच बहुतेक इतिहासकार लिहितात. खुद्द वेलस्लीनेही ते म्हटले, पण त्याबरोबर हेही कबूल केले की त्याहून भयंकर माऱ्यात कोणी माणसे नेली नसतील, म्हणून त्या अधिकाऱ्यावर ठपका ठेवायची आपली इच्छा नाही. मद्रासच्या मुलकी खात्यातला थॉमस मन्रो, हाही स्कॉट, ग्लासगोचा, त्याने वेलस्लीला पत्राने विचारले की स्टीव्हन्सनची वाट का पाहिली नाही. वेलस्लीने लांबलचक उत्तर दिले: शत्रू निसटला असता, माझ्या सामानावर तुटून पडला असता. ही कारणे पोकळ नाहीत. पण मराठ्यांचे पायदळ आणि शंभर तोफा त्या चिखलात रातोरात कुठे जाणार होत्या? स्टीव्हन्सन एका दिवसाच्या अंतरावर होता. दुप्पट फौजेने, सकाळी, ठरल्याप्रमाणे हल्ला झाला असता तर उजव्या टोकाला एकट्या पलटणीवर तो प्रसंग आला नसता. वाट चुकवली ती ऑरकने. पण चूक झाली तर सावरायला माणूसबळ नसेल अशा ठिकाणी या मुलांना नेऊन उभे केले ते वेलस्लीने, आणि माझ्या मते ७४व्या पलटणीच्या मरणाची पहिली जबाबदारी त्याचीच आहे.